‘द डेव्हिल इज लूज’ : एक ध्वनिमुद्रिका आणि ‘प्रभाव’ या संकल्पनेची फेरतपासणी

प्रास्ताविक

एखाद्या कलाकृतीचा नंतरच्या कलाकृतींवर ‘प्रभाव’ पडला, असे विधान संगीतविषयक लेखनात फार सहजपणे केले जाते. साहित्याच्या क्षेत्रात अशा विधानाकडे संशयाने पाहण्याची सवय तौलनिक साहित्याभ्यासाने लावली आहे. दोन कृतींमध्ये साम्य दिसले म्हणून एकीचा दुसरीवर प्रभाव पडला असे ठरत नाही. पहिली कृती दुसऱ्या कर्त्यापर्यंत पोहोचली होती काय, पोहोचली असल्यास कोणत्या मार्गाने, आणि त्याने तिच्यातून नेमके काय घेतले, हे प्रश्न तेथे विचारावे लागतात. ध्वनिमुद्रित संगीताबाबत हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. याचे एक कारण असे की, ध्वनिमुद्रणाच्या युगात ‘घेणे’ या क्रियेचाच अर्थ बदलला आहे आणि जुना शब्द मात्र तसाच वापरात राहिला आहे.

या दृष्टीने आशा पुथली यांची ‘द डेव्हिल इज लूज’ ही सीबीएस कंपनीने १९७६ साली प्रकाशित केलेली ध्वनिमुद्रिका अभ्यासण्यासारखी आहे. मुंबईत जन्मलेल्या आणि हिंदुस्थानी रागसंगीताची तालीम घेतलेल्या गायिकेने जर्मन निर्माते डीटर झिमरमान यांच्याबरोबर केलेली ही मुद्रिका जॅझ-फंक आणि डिस्को यांच्या सीमारेषेवर उभी आहे. तिच्यातील ‘स्पेस टॉक’ हे गीत न्यूयॉर्कच्या नृत्यगृहांत गाजले आणि पुढे अमेरिकन हिप-हॉपच्या एका बहुचर्चित संग्रहात नव्या रूपाने अवतरले. असे असूनही मराठी संगीतविचारात तिचा उल्लेख अभावानेच आढळतो. तिचा नंतरच्या संगीताशी असलेला संबंध निर्विवाद आहे. मात्र या संबंधाला ‘प्रभाव’ म्हणावे काय, हा प्रश्न उरतोच.

जॅझ-फंक म्हणजे काय

विविध विद्याशाखांच्या वाचकांसाठी ही संज्ञा थोडी उलगडणे आवश्यक आहे. १९६० च्या दशकात जेम्स ब्राउन यांनी कृष्णवर्णीय अमेरिकन लोकप्रिय संगीताला जे वळण दिले त्याला फंक म्हणतात. त्यात स्वरावलीचा विस्तार कमी आणि ठेक्याचा आग्रह अधिक. बास गिटार, ड्रम, गिटारचे तुटक आघात आणि पितळी वाद्यांचे छोटे तुकडे हे सर्व एकमेकांत अडकवलेले असतात आणि प्रत्येक आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर जोर येतो. भारतीय श्रोत्याला हे समेच्या कल्पनेवरून चटकन उमगते. फरक एवढाच की, आपली सम ही बहुधा पोहोचण्याची जागा असते, तर फंकमधील पहिली मात्रा ही निघण्याची जागा असते.

१९७० च्या सुमारास जॅझ वादकांनी हा ठेका स्वीकारला आणि त्यावर आपले उपजत आलापन चढविले. माइल्स डेव्हिस यांची ‘ऑन द कॉर्नर’ (१९७२) आणि हर्बी हॅनकॉक यांची ‘हेड हंटर्स’ (१९७३) या या प्रवाहातील दोन ठळक मुद्रिका होत. पहिलीची प्रकाशनसमयी बऱ्याच जॅझ समीक्षकांनी संभावना केली, पण नंतरच्या पिढ्यांनी तिला डोक्यावर घेतले. दुसरी प्रारंभापासूनच लोकप्रिय झाली. ‘ऑन द कॉर्नर’मध्ये बादल रॉय यांचा तबला आहे, सतारही आहे. भारतीय वाद्ये आहेत म्हणून ती मुद्रिका भारतीय ठरत नाही. तबला तेथे एका विशाल तालयंत्राचा केवळ एक दाता आहे. हा मुद्दा पुढे पुन्हा लागेल.

मुंबईतील जॅझ आणि आशा पुथली

मुंबईला जॅझ नवा नव्हता. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी यांचा वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजला. त्यानंतर टेडी वेदरफोर्ड यांच्यासारखे वादक येथे रमले आणि गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती वादकांनी ही परंपरा आपलीशी केली. त्यांचा उदरनिर्वाह रात्री हॉटेलांत आणि दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांत होत असे. ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटाच्या संगीतात सी. रामचंद्र यांना चिक चॉकलेट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गोमंतकीय ट्रम्पेटवादकाची साथ होती, ही गोष्ट आता सर्वपरिचित आहे. पुणतांब्याचे चितळकर आणि गोव्याचे वाझ यांनी मिळून जे केले ते मराठी माणसाच्या कानावर पिढ्यान्पिढ्या पडत आले आहे; त्याला जॅझ म्हणतात हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. नरेश फर्नांडिस यांच्या ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या ग्रंथाने हा इतिहास सविस्तर मांडला आहे.

या परंपरेत जॅझ आणि रागसंगीत यांचा मेळ घालण्याचे प्रयत्नही झाले. शंकर-जयकिशन यांची ‘राग-जॅझ स्टाइल’ (१९६८) ही मुद्रिका त्यांपैकी एक. तीत रईस खाँ यांची सतार राग मांडते आणि मागे जॅझचा वाद्यमेळ चालतो. दोन्ही पक्ष एकमेकांचा मान राखतात, पण एकमेकांत मिसळत नाहीत. लग्नात दोन्हीकडचे वऱ्हाडी शेजारी शेजारी बसलेले असावेत आणि बोलणे मात्र आपापल्या माणसांशीच चाललेले असावे, तसा काहीसा हा प्रकार आहे.

आशा पुथली यांनी वेगळी वाट धरली. पंडित लक्ष्मणप्रसाद जयपूरवाले यांच्याकडे त्यांनी हिंदुस्थानी कंठसंगीताची तालीम घेतली, त्याच काळात पाश्चात्त्य ऑपेराचे गायनही शिकल्या. वेद मेहता यांनी ‘पोर्ट्रेट ऑफ इंडिया’ (१९७०) या ग्रंथात मुंबईतील जॅझविषयी लिहिताना या तरुण गायिकेची दखल घेतली. नृत्यशिक्षणाच्या निमित्ताने त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या आणि तेथे जॉन हॅमंड यांच्या नजरेत आल्या. बिली हॉलिडेपासून बॉब डिलनपर्यंत अनेकांना पुढे आणणारे हे हॅमंड. त्यांच्यामुळे पुथली यांची गाठ ऑर्नेट कोलमन यांच्याशी पडली.

कोलमन यांच्या ‘सायन्स फिक्शन’ (१९७२) या मुद्रिकेतील दोन गीते पुथली यांनी गायिली आहेत. या दोन गीतांपुरता विचार केला तरी त्यांच्या तालमीचे मोल लक्षात येते. कोलमन यांच्या संगीतात गायकाला आधाराला धरता येईल असा स्थिर स्वरसंवाद नसतो. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, डबल बास आणि ड्रम हे आपापल्या दिशांनी जात असतात. पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेल्या गायिकेला तेथे पायाखालची जमीन सरकल्यासारखे वाटावे. पुथली यांचा स्वर मात्र ढळत नाही, कारण स्वरसंवादावर विसंबून गाण्याची त्यांना सवयच नव्हती. षड्जाशी मनातल्या मनात इमान ठेवून एकेका स्वरावर उभे राहणे हे तंबोऱ्यापुढे बसून शिकलेल्या माणसाचे काम आहे. ‘डाऊनबीट’ या जॅझविषयक नियतकालिकाच्या समीक्षक-कौलात त्यांची दखल घेतली गेली, ती या गायनामुळे.

‘द डेव्हिल इज लूज’चे स्वरूप

कोलमन यांच्याबरोबरच्या या कामानंतर पुथली यांनी त्याच वाटेने पुढे जावे, अशी जॅझरसिकांची अपेक्षा असणे स्वाभाविक होते. तसे घडले नाही. डेल न्यूमन यांच्या निर्मितीखाली लंडनमध्ये तयार झालेल्या ‘आशा पुथली’ (१९७३) या मुद्रिकेत त्यांनी जे. जे. केल आणि जॉर्ज हॅरिसन यांची गीते घेतली. या प्रवासाच्या तिसऱ्या टप्प्यावर ‘द डेव्हिल इज लूज’ येते. जॅझच्या कट्टर उपासकांनी या वळणाला घसरण मानले तर नवल नाही. कोलमन यांच्या मुद्रिकेशी तुलना केली असता ही मुद्रिका श्रोत्याला फार सोपी वाटते. तारवाद्यांचा गुळगुळीत लेप अनेक ठिकाणी चढविलेला आहे आणि काही गीते गोड पाश्चात्त्य भावगीतांपलीकडे जात नाहीत. ही मुद्रिका सलग श्रेष्ठ आहे असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. किंबहुना तिच्या आजच्या चाहत्यांनी तिच्याभोवती उभे केलेले वलय हे दोन-तीन गीतांच्या बळावर उभे आहे.

पण त्या दोन-तीन गीतांचा विचार गांभीर्याने करावा लागतो. ‘फ्लाइंग फिश’ या गीतातून या गुणाची चाहूल लागते. ‘स्पेस टॉक’मध्ये तो पूर्णत्वास जातो. सिंथेसायझरने निर्माण केलेले अंतराळाचे वातावरण, संथ पण न थांबणारा बासचा ठेका आणि त्यावर गायिकेचा जवळजवळ कुजबुजीच्या पातळीवरचा आवाज, एवढीच या गीताची सामग्री आहे. ताना नाहीत, गमक नाही, ‘पूर्वेचा’ म्हणून ओळखू यावा असा कोणताही अलंकार नाही. सतार-तबल्याचा आधार घेऊन स्वतःची ओळख ठसविण्याचा सोपा मार्ग त्या काळी खुला होता. पाश्चात्त्य श्रोत्यांना त्याची सवय झालेली होती आणि बाजारालाही तेच हवे होते. तो मार्ग येथे धरलेला नाही, ही या मुद्रिकेतील महत्त्वाची कलात्मक निवड होय.

मग तालीम गेली कोठे? ती आवाजाच्या लावण्यात आहे. हलक्या आवाजात गाताना सूर पातळ होतो आणि खाली सरकतो, हा प्रत्येक गायकाचा अनुभव आहे. म्हणूनच आपल्याकडे मंद्र सप्तकातील रियाजाला एवढे महत्त्व दिले जाते. ‘स्पेस टॉक’मध्ये श्वास आणि स्वर यांचे प्रमाण सतत बदलत राहते, तरी स्वराचे स्थान पक्के राहते. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधली वाट न तोडता घसरत जाण्याची लकब ऐकू येते; तिला मींड म्हणण्याचा मोह होतो, पण मींड ही रागाच्या चलनाशी बांधलेली असते आणि येथे राग नाही. तेव्हा एवढेच म्हणावे की, मींड घेण्याची सवय असलेल्या गळ्याने राग बाजूला ठेवला, तरी सवय मागे उरली. ठुमरीच्या बोल-बनावात एका शब्दाला अनेक भाव देण्याची जी रीत आहे, तिचा दूरचा संबंध या गीतातील शब्दांच्या अर्धवट उच्चारांशी जोडता येईल. पण तो ताणून जोडू नये.

ठेक्याच्या अंगाने पाहता, गायिका मात्रेच्या किंचित मागे राहते. फंकच्या काटेकोर यंत्रात हे मागे राहणे फार परिणामकारक ठरते. वाद्ये घड्याळाप्रमाणे चाललेली आणि आवाज मात्र आपल्या वेळेने येणारा, या दोहोंच्या अंतरात त्या गीताची सारी मोहिनी आहे.

न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मॅन्कुसो हे १९७० पासून ‘द लॉफ्ट’ या नावाने निमंत्रितांसाठी नृत्यरात्री भरवीत असत. उत्तम ध्वनियंत्रणा, सलग वाजविलेली गीते आणि मिश्र समाजातील श्रोते ही त्यांची वैशिष्ट्ये होती. ‘स्पेस टॉक’ तेथील आवडीच्या गीतांपैकी एक झाले. येथे ‘स्वीकार’ ही संज्ञा अचूक लागू पडते. युरोपात सिद्ध झालेली मुद्रिका समुद्र ओलांडून गेली आणि ज्या श्रोत्यांसाठी ती केलेली नव्हती त्यांनी तिला आपली मानली. विक्रीच्या आकड्यांत हे दिसत नाही; निवड करणाऱ्या एका माणसाच्या कानामुळे ते घडले.

चाल आणि सॅम्पल

१९९७ च्या मार्चमध्ये नोटोरियस बी.आय.जी. या अमेरिकन रॅप गायकाचा ‘लाइफ आफ्टर डेथ’ हा संग्रह त्याच्या हत्येनंतर अवघ्या पंधरवड्यात प्रकाशित झाला. अमेरिकेत ‘डायमंड’ प्रमाणपत्र मिळालेल्या या संग्रहातील ‘द वर्ल्ड इज फिल्ड’ या गीतात ‘स्पेस टॉक’च्या ध्वनिमुद्रणाचा अंश वापरलेला आहे. वीस-एकवीस वर्षांपूर्वीचा एक तुकडा उचलून, त्याची पुनरावृत्ती करून, त्यावर नवे शब्द रचणे या पद्धतीला सॅम्पलिंग म्हणतात. लॉफ्टमधील रसिकांच्या पलीकडे, लक्षावधी श्रोत्यांच्या कानांवर पुथली यांच्या मुद्रिकेचा ध्वनी पडला तो असा. त्यांपैकी किती जणांना गायिकेचे नाव ठाऊक झाले, हा प्रश्न वेगळा.

मराठी वाचकाला ही पद्धत परकी वाटण्याचे कारण नाही, असे प्रथमदर्शनी वाटते. उसन्या सुरावटीवर नवे शब्द बसविण्याची आपली परंपरा जुनी व समृद्ध आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’ (१८८०) पासून मराठी नाट्यपदे प्रचलित चालींवर रचली गेली. छापील नाटकात पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहून मूळ गाण्याचा निर्देश करण्याची रीत होती. गोविंदराव टेंबे यांनी ‘संगीत मानापमान’ (१९११) साठी पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्यांचा आधार घेतला आणि मराठी रंगभूमीचा कानच पालटून टाकला. आजही बुलडाणा जिल्ह्यातील आणि एकंदर वऱ्हाडातील भजनी मंडळांच्या वह्या चाळल्या तर अभंगाच्या वर एखाद्या चित्रपटगीताचा मुखडा ‘चाल’ म्हणून लिहिलेला आढळतो. पंढरीच्या वाटेवर गायिल्या जाणाऱ्या शब्दांना मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहातील सुरावट लाभते आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. ‘जत्रा’ (२००६) या मराठी चित्रपटातील अजय-अतुल यांच्या ‘कोंबडी पळाली’ची चाल ‘अग्निपथ’ (२०१२) मध्ये हिंदी शब्द घेऊन आली, तेही याच परंपरेला धरून. तेथे तर देणारे आणि घेणारे एकच होते.

तथापि चाल आणि सॅम्पल यांत मूलभूत भेद आहे, आणि तो न ओळखल्यास या सर्व चर्चेचा घोटाळा होतो. चाल घेतली जाते तेव्हा स्वरांचा आराखडा घेतला जातो. तो प्रत्येक वेळी नव्या गळ्यातून, नव्या माणसांच्या श्वासातून पुन्हा उभा करावा लागतो. ‘मानापमान’मधील पद गाताना नटाला मूळ ठुमरी गाणारीचा आवाज लाभत नसे, तिचे गाणे त्याला आपल्या गळ्यात उतरवावेच लागे. या उतरविण्यातच शिकणे असते. सॅम्पलमध्ये आराखडा घेतला जात नाही. प्रत्यक्ष घडून गेलेला क्षणच घेतला जातो. १९७६ साली एका खोलीत वादकांनी आणि गायिकेने जे केले, त्याचे काही क्षण १९९७ साली तसेच्या तसे पुन्हा वाजतात. घेणाऱ्याला ते गाता येण्याची गरज नसते. येथे शिष्यत्व नाही. आहे ती निवड.

हा भेद हर्बी हॅनकॉक यांच्या ‘वॉटरमेलन मॅन’ या रचनेच्या इतिहासात विलक्षण स्पष्टपणे दिसतो. ‘हेड हंटर्स’मधील या रचनेच्या आरंभी बिल समर्स हे बियरच्या बाटलीत फुंकर मारून आणि तोंडाने मध्ये मध्ये सूर लावून एक आवर्तन उभे करतात. ही रीत मध्य आफ्रिकेतील बा-बेन्झेले लोकांची. मानववंशसंगीतज्ञ सिम्हा आरोम यांनी केलेल्या ध्वनिमुद्रणामुळे ती बाहेरच्या जगाला ऐकायला मिळाली होती. समर्स यांनी ती ऐकून आत्मसात केली आणि वेगळ्या वस्तूवर वाजविली. म्हणजे, मराठी परिभाषेत, त्यांनी चाल घेतली. पुढे १९९४ साली मॅडोना यांच्या ‘सँक्चुअरी’ या गीतात हॅनकॉक यांच्या मुद्रणाचा अंश वापरला गेला. तेथे सॅम्पल घेतले गेले. स्टीव्हन फेल्ड यांनी या साखळीचे विवेचन करून दाखविले आहे की, श्रेय आणि मोबदला हॅनकॉक यांच्यापर्यंत पोहोचतो. ज्यांची मूळ रीत ते अरण्यवासी मात्र हिशेबाच्या बाहेरच राहतात. चालीला धनी नसतो आणि मुद्रणाला असतो, हा आधुनिक कायद्याचा विचित्र न्याय यातून दिसतो.

कायद्याच्या बाजूने १९९१ चा अमेरिकन न्यायालयाचा एक निर्णय निर्णायक ठरला. गिल्बर्ट ओ’सलिव्हन यांच्या गीताचा अंश परवानगीविना वापरल्याबद्दल बिझ मार्की या रॅप गायकाविरुद्ध निकाल गेला आणि तेव्हापासून सॅम्पलची परवानगी घेणे हा रीतसर व्यवहार झाला. भारतीय संगीताला याची झळ आणि लाभ दोन्ही २००२ नंतर मिळाले. ट्रुथ हर्ट्‌स या गायिकेच्या ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ या गीतात ‘ज्योती’ (१९८१) या चित्रपटातील लता मंगेशकर यांच्या गाण्याचा मोठा अंश परवानगीविना वापरलेला होता. संगीतकार बप्पी लाहिरी यांचे नाव श्रेयात आल्याशिवाय विक्री करू नये, असा आदेश लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने २००३ मध्ये दिला. लक्षात घेण्याजोगी बाब ही की, वाद संगीतकाराच्या नावाचा आणि कंपनीच्या मालकीचा होता. श्रोत्याला ज्याने बांधून ठेवले तो आवाज लताबाईंचा, आणि त्या या वादात पक्षकार नव्हत्या. भारतात गायक-वादकांना आपल्या नावाच्या निर्देशाचा स्वतंत्र नैतिक हक्क स्वामित्वहक्क कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने मिळाला.

जुन्या नाट्यपुस्तकांतील ‘चाल’ ही एक ओळ या पार्श्वभूमीवर पुन्हा वाचावी लागते. तिच्यामागे कायद्याचा धाक नव्हता. मूळ गाणे ज्याला ठाऊक आहे त्याला पद म्हणता यावे, हा तिचा व्यावहारिक हेतू होता. परंतु त्या हेतूपोटी घेतलेल्या वस्तूचे मूळ वाचकासमोर कायम राहत असे. गायिकेचे वा गायकाचे नाव मात्र तेथेही बहुधा नसे, हे विसरून चालणार नाही. कोठ्यांवरील ज्या गायिकांच्या गळ्यातून त्या ठुमऱ्या आल्या, त्यांची नावे ‘चाल’च्या ओळीत आलेली नाहीत. तेव्हा आपली परंपरा उदार होती आणि पाश्चात्त्यांची लुटारू, अशी मांडणी करणे सोयीचे असले तरी खरे नाही.

पूर्वत्वाचा मोह

प्रभावाच्या चर्चेत आणखी एक गल्लत वारंवार होते. तिचे उत्तम उदाहरण मुंबईतच घडले. राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल आदींच्या वाद्यवृंदांत वाजविणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही मुद्रिका केली. रोलँड कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक वाद्ये जुळवून त्यांनी भैरव, यमन आदी राग डिस्कोच्या ठेक्यावर मांडले. मुद्रिका फारशी कोणी ऐकली नाही. पुढे १९८७ मध्ये शिकागोच्या फ्यूचर या गटाने त्यांपैकीच एका वाद्याचा वापर करून ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही रचना प्रकाशित केली आणि ‘अ‍ॅसिड हाउस’ हा नृत्यसंगीताचा प्रकार रूढ झाला. २०१० साली एका डच संस्थेने सिंग यांची मुद्रिका पुन्हा प्रकाशित केल्यावर ‘अ‍ॅसिड हाउसचा जन्म मुंबईत झाला’ असे मथळे झळकू लागले.

या दाव्याने अभिमान सुखावतो, पण इतिहास घडत नाही. शिकागोच्या तरुणांपर्यंत सिंग यांची मुद्रिका पोहोचल्याचा कोणताही पुरावा नाही. दोन्ही ठिकाणी एकच यंत्र होते. यंत्राच्या अंगभूत गुणांमुळे दोन्ही ठिकाणी सारखा ध्वनी निघाला. याला साधर्म्य म्हणावे, फार तर पूर्वत्व म्हणावे. सिंग यांच्या मुद्रिकेचे मोल यामुळे कमी होत नाही. उलट ‘शिकागोच्या आधी’ एवढ्याच कारणासाठी तिला ऐकणाऱ्यांना, आरोह-अवरोहाची शिस्त इलेक्ट्रॉनिक यंत्रावर पाळताना त्यांनी काय साधले आणि काय गमावले, हे ऐकूच येत नाही.

पुथली यांची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. त्यांच्या मुद्रिकेचा मार्ग कागदोपत्री दाखविता येतो : प्रकाशन १९७६, लॉफ्टमधील स्वीकार, १९९७ मधील सॅम्पल, आणि २०२२ मध्ये ब्रायटनच्या मिस्टर बोंगो या संस्थेने प्रकाशित केलेला त्यांच्या गीतांचा निवडक संग्रह. २०२४ साली, ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना, ग्लॅस्टनबरी महोत्सवात त्यांचे गायन झाले. पोहोचण्याचा पुरावा येथे पक्का आहे. परंतु ‘काय घेतले’ या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की अडचण येते. घेतले गेले ते वातावरण आणि ठेका. या मुद्रिकेत खऱ्या अर्थाने दुर्मिळ असलेली गोष्ट, म्हणजे रागाची तालीम राग न दाखविता वापरण्याची युक्ती, ती पुढे कोणी उचलली, असे ठामपणे म्हणता येईल अशी उदाहरणे हाती लागत नाहीत. पाश्चात्त्य नृत्यसंगीतात कुजबुजता आवाज पुढे सर्रास झाला खरा. पण त्याचे श्रेय एकट्या पुथली यांना देणे म्हणजे पुन्हा पूर्वत्वालाच प्रभाव म्हणणे होय.

मायदेशातील मौन

ज्या शहरात ही तालीम झाली त्या शहरात ही मुद्रिका काय करू शकली असती, हा प्रश्न कल्पनेचा असला तरी निरर्थक नाही. १९७८ साली निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने मुंबईत ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव सुरू झाला आणि भारतीय जॅझला एक व्यासपीठ मिळाले. पण तेथील ‘मिलाफाची’ कल्पना मुख्यतः ‘राग-जॅझ स्टाइल’च्या वळणाचीच राहिली : एका बाजूला राग, दुसऱ्या बाजूला जॅझ. चित्रपटसंगीतात फंकचा ठेका राहुलदेव बर्मन यांनी १९७० च्या दशकातच आणला होता आणि आशा भोसले यांनी त्यावर श्वासाचा, उच्छ्वासाचा, तुटक उच्चाराचा जो खेळ केला तो स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. एकाच नावाच्या, शास्त्रोक्त तालीम घेतलेल्या या दोन गायिका, एकाच दशकात, एकमेकींपासून हजारो मैलांवर, माइकजवळच्या हलक्या आवाजाचे सामर्थ्य शोधत होत्या. एकीने दुसरीकडून घेतले असे मानण्याची गरज नाही. साधर्म्याचा शोध कोठे फलदायी ठरतो याचे हे उदाहरण आहे; कारण येथे कोण आधी, हा प्रश्न गौण ठरतो आणि मराठी नाट्यसंगीत व ठुमरी यांनी घडविलेला गळा नव्या यंत्रापुढे कसा वागतो, हा प्रश्न पुढे येतो.

डॉ. अशोक रानडे यांनी भारतीय संगीताची आदिम, लोक, धर्म, कला, जन आणि संगम अशी कोटींमध्ये मांडणी केली. ‘द डेव्हिल इज लूज’ या मांडणीत कोठे बसवावी? बाजार आणि वापर पाहता ती जनसंगीत आहे. दोन परंपरा भेटल्या म्हणून तिला संगमसंगीत म्हणावे, तर संगमात दोन्ही प्रवाह वेगळे ओळखू यावे लागतात आणि येथे एक प्रवाह पूर्णपणे भूमिगत आहे. त्या प्रवाहाचा उगम मात्र कलासंगीतात आहे. आणि १९९७ च्या गीतात फिरत राहणारा तो तुकडा, ज्यात गायिकेची तालीम ध्वनिरूपाने शिल्लक आहे पण तिचा हेतू शिल्लक नाही, तो तर या सहांपैकी एकाही कोटीत सामावत नाही.